अळू लागलं का? – हवाईच्या बेटांवर आम्ही



आपल्या पत्रकात दरवर्षी कोणी ना कोणी प्रवासाचे लिहिते. कोणी यरुशलायमचे लिहिते, कोणी कोचीच्या सिनेगॉगचे. आम्ही लिहायचे ते हवाई बेटांचे. तिथे लोक मजा करायला जातात, त्यात लिहिण्यासारखे काय, असे आम्हालाही वाटले होते. पण तिथून आल्यावर एक गोष्ट मनातून जाईना. ती सांगायची तर आधी बेटांची ओळख करून द्यायला हवी, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुलांनो, तुम्हीही वाचा. तुमच्यासाठी यात होडी आहे, दिवे आहेत आणि एक खोटे बोलणेही आहे. ते आमचेच.

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. लेकीने परस्पर तिकिटे काढली आणि सांगितले, "आई-बाबा, आपण सगळे हवाईला जाऊ." यांनी लगेच हिशेब मांडला. (आमच्या दोघांत एक नर्स आणि एक हिशेबनीस, म्हणून संसार नीट झाला.) "न्यूयॉर्कहून अकरा तास विमानात बसायचं, ते समुद्र बघायला? रेवदंड्याला काय समुद्र नव्हता?" पण नातवंडांपुढे कोणाचे चालते? नात बारा वर्षांची, नातू आठचा. निघालो.

विमानात नातीने नकाशा उघडला. हवाई म्हणजे प्रशांत महासागराच्या मधोमध ज्वालामुखींतून वर आलेली बेटे. मुख्य बेटे आठ, त्यांतल्या सातांवर वस्ती. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर. पूर्वी तिथे स्वतंत्र राज्य होते. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानी यांना गादीवरून उतरवले, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्यात घेतली आणि १९५९ मध्ये हवाई पन्नासावे राज्य झाले. हे सगळे नातीने वाचून दाखवले. मग तिने नकाशावर बोट आडवे सरकवत नेले आणि म्हणाली, "आजी, हे बघ, हवाई आणि मुंबई एकाच रेषेत!" खरेच की! ही बेटे विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ ते २२ अंशांच्या दरम्यान आहेत. मुंबई १९ अंशांवर आणि अलिबाग त्याच्या थोडे खाली. पृथ्वीच्या पाठीवर एवढ्या लांब, पण ऊन तेच, दमट वारा तोच. तेव्हाच आम्हाला कळायला हवे होते की पुढे काय दिसणार आहे.

होनोलुलूला उतरलो. दारातच गळ्यात फुलांचा हार पडला. त्याला तिथे लेई म्हणतात. आपण पाहुण्याला हार घालतो तसाच, पण त्याचे काही नियम आहेत. कोणी घातलेली लेई नाकारायची नाही आणि देणाऱ्यासमोर काढून ठेवायची नाही. सुकली की कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, झाडाखाली किंवा मातीत ठेवायची. गरोदर बाईला बंद हार घालत नाहीत, दोन्ही टोके मोकळी असलेला घालतात. बाळाच्या गळ्याभोवती नाळ अडकू नये ही त्यामागची भावना. प्रसूती विभागात आयुष्य गेलेल्या बाईला हा रिवाज पटकन समजला.

आमच्या लेईत चाफा होता. यांनी वास घेतला आणि गप्प झाले. रेवदंड्याकडे आपल्या कबरस्तानात चाफा असायचा. निष्पर्ण फांद्या आणि खाली पांढऱ्या-पिवळ्या फुलांचा सडा. म्हणून आम्ही चाफा कधी केसांत माळला नाही. पुढे कळले की हवाईतही जुनी माणसे चाफ्याला कबरस्तानाचे फूल मानत आणि त्याची लेई करायला कचरत. हे झाड मूळचे ना कोकणातले ना हवाईचे. ते मध्य अमेरिकेकडून आले. हवाईत ते १८६० मध्ये डॉ. विल्यम हिलेब्रँड यांनी आणले असे सांगतात. याच डॉक्टरांनी होनोलुलूत हौसेने लावलेल्या झाडांतून आजची फॉस्टर बोटॅनिकल गार्डन झाली.

दुसऱ्या दिवशी त्या बागेत गेलो आणि आमची पंचाईत झाली. पंचाईत अशी की नातवंडांना पाट्या वाचता येत होत्या, झाडे ओळखता येत नव्हती. आम्हाला पाट्यांवरची नावे कळत नव्हती, झाडे मात्र लांबून ओळखू येत होती. मग नातीने वही काढली. एका बाजूला हवाईयन नाव, समोर आमचे नाव. बागेत सुरू झालेली ही वही आठवडाभर रस्त्याने, बाजारात, समुद्रकाठी भरत गेली. शेवटी ती अशी झाली:

नियू म्हणजे माड. उलू म्हणजे नीरफणस. कालो म्हणजे अळू. ओलेना म्हणजे आपली हळद. माइया म्हणजे केळ. को म्हणजे ऊस. मिलो म्हणजे भेंडीचे झाड. भाजीची भेंडी नव्हे बरं का, वाडीच्या कुंपणाला असते ते मोठे झाड. त्याच्या पानाची गुंडाळी करून आम्ही लहानपणी पिपाणी वाजवायचो. यांनी तिथेच एक पडलेले पान उचलून वाजवून दाखवली, आणि नातू त्या दिवसापासून आजोबांना मानायला लागला. कामानी म्हणजे उंडी. तिच्या बियांचे कडू तेल पूर्वी दिव्याला आणि होड्यांना वापरत. नोनी म्हणजे बारतोंडी. पिकली की तिचा असा काही वास सुटतो की मुले पळालीच. हाला म्हणजे केवड्याचा सख्खा भाऊबंद. त्याच्या पानांच्या चटया आणि टोपल्या विणतात.

दुसऱ्याच पानावर नातीने विचारले, "आजी, ही सगळी झाडं तुझ्या गावात होती, तर ती इथे आणली कोणी?"

उत्तर ऐकण्यासारखे आहे. हवाईचे पहिले रहिवासी दक्षिणेकडच्या पॉलिनेशियन बेटांवरून आले, साधारण आठशे ते हजार वर्षांपूर्वी. दोन होड्या एकमेकींना जोडून मधे फळ्या टाकलेल्या, वर शीड. होकायंत्र नाही, नकाशा नाही. तारे, लाटा, वारा आणि पक्षी बघत हजारो मैल. त्या होड्यांत त्यांनी सुमारे दोन डझन उपयोगी झाडे आणली. आता वर लिहिलेली बहुतेक नावे त्यांतलीच. नीरफणसाच्या लागवडीच्या जातींत बी नसते, म्हणून त्याची मुळावर फुटलेली पिल्ले ओली ठेवून आणावी लागली. अळवाचा कंदाचा वरचा भाग देठासकट कापून आणायचा. पिण्याच्या पाण्याची वानवा असताना झाडांना पाणी पाजत आणले, म्हणजे विचार करा.

पुढे लोक म्हणू लागले की असे होणे शक्य नाही, ही माणसे वाहून आली असतील. तेव्हा ‘होकुलेआ’ नावाची तशीच होडी बांधून १९७६ मध्ये तिला हवाईहून ताहितीला नेले, तेही यंत्रांशिवाय. मार्ग दाखवणारा होता सातावाल या लहानशा बेटावरचा माउ पियाइलुग, कारण हवाईत ती विद्या जाणणारा कोणी उरला नव्हता. विद्या दुसऱ्याच्या घरून मागून आणली, पण आणली. मुलांनो, आम्ही अमेरिकेत आलो तेही याच वर्षी. आम्ही विमानाने आलो आणि तरी रस्ता चुकलो, पण ते पुन्हा केव्हातरी.

होडीचे नाव निघाले की आपल्याला नवगावची आठवण होणारच. आपले वाडवडील सांगत आले तीच गोष्ट आम्ही त्या बागेत बाकावर बसून नातवंडांना सांगितली. होडी फुटली. सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांना नवगावच्या वाळूत पुरले. पोथ्या बुडाल्या, सामान बुडाले. तोंडात शेमा उरला आणि हातात काही नाही. नातू म्हणाला, "म्हणजे हवाईचे लोक झाडं घेऊन आले आणि आपले काहीच घेऊन आले नाहीत?" आम्ही म्हटले, "हो रे." माड, अळू, हळद हे सारे त्या किनाऱ्यानेच आपल्याला दिले. तेल गाळायला शिकलो ते तिथेच. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून लोक शनवार तेली म्हणू लागले. दुधामांसाचा मेळ नको म्हणून नारळाचे दूध काढायला लागलो, तोही तिथलाच नारळ. मलिद्याच्या ताटातले पोहे-खोबरे त्या मातीतलेच. बरोबर काही आणले नसेल तरी माणूस किनाऱ्याकडून शिकतो.

मग आम्ही माउई बेटावर गेलो. तिथे हाना नावाच्या गावाला जाणारा एक रस्ता आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, सहाशेच्या वर वळणे आणि पन्नासहून अधिक अरुंद पूल. खंडाळ्याचा घाट त्यापुढे सरळ म्हणायचा. अर्ध्या वाटेवर केआनाए म्हणून जमिनीची एक जीभ समुद्रात गेलेली आहे. गाडी वळणावर आली, खाली बघितले, आणि आम्ही दोघे एकदमच म्हणालो, "अगं बाई!" "अरे बापरे!"

खाली अळवाची खाचरे होती. भातखाचरासारखे बांध, पाटाने आणलेले वाहते पाणी आणि त्यात ओळीने अळू. कडेला माड, पलीकडे काळ्या खडकांवर फुटणारा समुद्र. अशा खाचराला तिथे लोई म्हणतात. ती जागा मुळात नुसता लाव्हाचा खडक होता. जुन्या काळी लोकांनी वरच्या डोंगरातून टोपल्या भरभरून माती आणली आणि तिथे पसरली असे सांगतात. १ एप्रिल १९४६ ला त्सुनामी आली तेव्हा गाव वाहून गेले, एक दगडी चर्च तेवढे उभे राहिले. लोकांनी पुन्हा खाचरे बांधली आणि पुन्हा अळू लावले.

आम्ही गाडीतून उतरलो आणि उभेच राहिलो. लेकीला वाटले आईला चक्कर आली. चक्कर नव्हती. ती गोष्ट आठवली होती.

१९७६ मध्ये आम्ही निघालो तेव्हा आमच्या आईने (म्हणजे यांच्या सासूबाईंनी) पाटल्या मोडून तिकिटाला पैसे दिले होते. द्यायला दुसरे काही उरले नव्हते. तर निघायच्या आदल्या दिवशी तिने परसातली अळकुडी खणली, ओल्या फडक्यात गुंडाळली, वर हळदीचे एक कुडे ठेवले आणि म्हणाली, "धुण्याच्या पाण्यावर लाव. अळवाला काही लागत नाही. परक्या ठिकाणी घराची भाजी असली की जीव रमतो." रेवसहून भाऊच्या धक्क्याला येताना लाँचमध्ये ते फडके तिने स्वतःच्या मांडीवर धरले होते.

अमेरिकेतल्या विमानतळावर बॅग उघडली. अधिकाऱ्याने ते फडके दोन बोटांनी उचलले, काय आहे विचारले. आम्हाला अळवाचे इंग्रजी नाव येईना. त्याने डब्यात टाकले. त्याचे चूक नव्हते, कायदाच तसा होता. पण तो डब्याचा आवाज अजून लक्षात आहे.

पंधरा दिवसांनी आईचे पत्र. खुशाली दोन ओळी, मग "अळू लागलं का?" आम्ही क्वीन्समध्ये चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहत होतो. बाहेर बर्फ. काय लिहिणार? एकमेकांकडे बघितले आणि लिहून टाकले, "लागलं." झाले. एकदा लिहिल्यावर परतायची वाट नाही. पुढच्या पत्रात तिने विचारले, देठ काळा आहे की हिरवा? आम्ही लिहिले, काळा. तिने लिहिले, चिंच घालायला विसरू नका, नाहीतर घसा खवखवेल. १९८१ मध्ये रेवदंड्याला गेलो तेव्हा आई शेजारणीला सांगत होती, "माझं अळू अमेरिकेत आहे हो." तेव्हा तरी सांगायचे? नाही सांगितले. १९८९ मध्ये आई गेली. क्वीन्समध्ये आपले अळू आहे असे धरून गेली.

हे आम्ही कोणाला सांगितले नव्हते. लेकीलाही नाही. केआनाएच्या त्या बांधावर सांगितले.

नात म्हणाली, "आजी, तू तिला खरं का नाही सांगितलंस? ती रागावली असती?"

रागावली नसती. तेच तर. रागावणारी असती तर सांगितले असते. यांनी काही उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण ते हिशेबनीस, त्यांनाही हा ताळा जुळवता आला नाही.

रस्त्याच्या कडेला एक छोटे दुकान होते. केळ्याचा पाव, नारळाच्या फोडी. चालवणारी बाई आमच्याच वयाची. तिथे वडीलधाऱ्या कोणालाही आंटी आणि अंकल म्हणतात, अगदी आपल्यासारखे, म्हणून आमची नातवंडे लगेच रुळली. आंटीने विचारले, अळवाकडे बघून रडणारी माणसे कुठून आली? सांगितले, हिंदुस्थानातून, अशाच एका किनाऱ्यावरून. मग तिने खुर्च्या दिल्या आणि आम्हाला अळवाची गोष्ट सांगितली.

आकाशपिता वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचे पहिले मूल मेलेले जन्मले. ते त्यांनी घराशेजारी पुरले. त्या जागी एक रोप उगवले, ते पहिले अळू. दुसरे मूल झाले, जिवंत झाले, त्याचे नाव हालोआ. त्याच्यापासून सारे हवाईयन लोक. म्हणून अळू हे त्यांचे थोरले भावंड. धाकट्याने थोरल्याची निगा राखायची, थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचे. अळवाच्या कंदाला बाजूने जी पिल्ले फुटतात त्यांना ‘ओहा’ म्हणतात, आणि त्यावरूनच कुटुंबाला शब्द झाला ‘ओहाना’. आम्ही दवाखान्यात अशी पुष्कळ मुले हातात घेतली आहेत, जी रडलीच नाहीत. त्यांच्या आया ती कधी विसरत नाहीत. एका अख्ख्या लोकांनी ते मूल विसरायचे नाही असे ठरवले आणि रोज जेवणात त्याची आठवण ठेवली, हे ऐकून आम्ही दोघे बराच वेळ बोललो नाही.

आंटी आणखी म्हणाली, तिची आजी शाळेत हवाईयन बोलली की मार खायची. १८९६ च्या कायद्याने शाळा इंग्रजीतून झाल्या होत्या. आजीने मग आपल्या मुलांशी ती भाषा बोलणेच सोडले. भाषा मरायला टेकली. १९७८ मध्ये राज्यघटनेत तिला अधिकृत भाषेचे स्थान दिले, आणि १९८४ मध्ये पालकांनी स्वतः बालवाड्या सुरू केल्या, ‘पुनाना लेओ’ नावाच्या. अर्थ असा, की आवाजाचे घरटे. आता आंटीची नातवंडे हवाईयन बोलतात आणि तिची लेक त्यांच्याकडून शिकते. उलटी गंगा, पण वाहते आहे.

आम्ही आमच्या नातवंडांकडे बघितले. त्यांना मराठीत ‘पाणी’, ‘ये’, ‘झोप’ आणि ‘पुरे’ एवढेच येते. त्यात त्यांचा काय दोष? शाळेत कोणी मारले नाही, कायदा कोणी केला नाही. दोन नोकऱ्या, रात्रपाळ्या, दमून घरी आलो की जे पटकन तोंडात येईल ते इंग्रजी बोललो. आम्हीच.

निघताना आंटीने अळवाची तीन रोपे पुढे केली. घ्यावीशी वाटली हो! पण हवाईहून मुख्य भूमीवर जाताना विमानतळावर शेतकी खाते सामान तपासते. बहुतेक ताजी फळे, कंद, माती नेऊ देत नाहीत, कारण त्यांतून कीड आणि रोग जातात. आम्ही नाही म्हटले. या वेळी डब्यात पडायला काही नको होते. आंटी हसली, म्हणाली, "मग इथेच खा. पोटातलं कोण काढून घेणार?"

तर खाण्याविषयी. त्यांच्या मेजवानीला लुआउ म्हणतात, आणि लुआउ म्हणजे मुळात अळवाचे कोवळे पान. म्हणजे मेजवानीचे नावच अळू! कंद उकडून, कुटून पाण्यात कालवतात, ती पोई. आंबूस, चिकट, रंग फिकट जांभळा. नातवाने तोंड वाकडे केले, यांनी दोनदा घेतली. जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर पाने पसरून, वरून माती लोटून शिजवतात त्या भट्टीला इमू म्हणतात. आपल्याकडची पोपटी डोळ्यांसमोर आली, तो भांबुर्ड्याचा पाला, त्या वालाच्या शेंगा. मात्र इमूत बहुधा डुक्कर असते, तेव्हा आपण आधी विचारून घ्यावे. आम्ही मासे, अळू, रताळे आणि फळे यांवर आठवडा काढला आणि उपाशी राहिलो नाही. नारळाच्या दुधाची हौपिया नावाची वडी असते, ती खाऊन लेक म्हणाली, "आई, हा तर आपला चायनाग्रासचा हलवा!" जवळजवळ तोच.

नीरफणसाचे काप मिळाले तेव्हा गंमत झाली. इंग्रजीत त्याला ब्रेडफ्रूट म्हणतात. नातू हात धुऊन आला आणि गंभीरपणे म्हणाला, "आजोबा, ब्रेड आहे, तर हामोत्झी म्हणायचं का?" यांनी सांगितले, "नाव काही असो, झाडाला लागतं ना? मग झाडाच्या फळाचीच बराखा." पन्नास वर्षांनी तो काप जिभेवर आला. तसाच, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ.

त्या वर्षी हनुक्काचा पहिला दिवा २५ डिसेंबरच्या संध्याकाळी होता. उतरलो होतो तिथे खोलीत ज्योत लावायला मनाई. विचारल्यावर त्यांनी अंगणात दगडी बाकाजवळ जागा दिली आणि वाळू भरलेली परात दिली. वारा थोपवायला सगळे गोल उभे राहिलो. त्या दिवशी सकाळीच आम्ही कुकुईच्या बिया पाहिल्या होत्या. कुकुई हे झाडही होडीतूनच आलेले. त्याच्या बीत इतके तेल, की सोललेल्या बिया माडाच्या झावळीच्या हिरात ओवून वरची पेटवली की झाला दिवा. एक संपत आली की खालची पेटते. नातवाने ओवलेल्या बिया मोजल्या होत्या, आणि आता मेणबत्त्या लावताना म्हणाला, "त्यांचा हनुक्का बियांचा!" आम्हाला रेवदंड्याच्या सिनेगॉगातले दिवे आठवले, काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल. तेल गाळणाऱ्यांची आपण लेकरे. तेलाचा सण समुद्रकाठी, माडाखाली लावला, बरे वाटले.

माउईवरच लाहायना गाव आहे. तिथे एक वड आहे, २४ एप्रिल १८७३ ला लावलेला, आणि रोप आले होते हिंदुस्थानातून. लावला तेव्हा सुमारे आठ फूट होता, पुढे पारंब्या रोवत अख्खा चौक व्यापून बसला. ८ ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात लाहायना जळाले. शंभरावर माणसे गेली. बाहेरून आणलेले गवत पडीक रानांत माजून वाळले होते, त्याने आग पसरायला मदत केली. वडही होरपळला. काही आठवड्यांत त्याला हिरवी पालवी फुटली, हे बातम्यांत तुम्हीही पाहिले असेल. आपल्या देशचा तो वड बघायची फार इच्छा होती. पण आंटी म्हणाली, तिथल्या माणसांची घरे अजून उभी राहिली नाहीत. आम्ही गेलो नाही. दुःखाच्या घरी ओळखीशिवाय आणि कामाशिवाय जाऊ नये, हे आपल्यालाही शिकवलेलेच आहे.

जाणाऱ्यांसाठी जुन्या नर्सचे चार शब्द. हालेआकाला डोंगर ३,००० मीटरहून उंच आहे आणि गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून जा. पालेभाजी कच्ची खायची तर पान न् पान धुऊन घ्या, गोगलगायींतून तिथे मेंदूला सूज आणणारा आजार होतो. अळू कच्चे कधीच नको, त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा धरतो. नोनीचा रस ‘सर्व रोगांवर’ म्हणून विकतात, पण त्यात पोटॅशियम फार, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी दूर राहावे. रानात जाण्याआधी आणि आल्यावर बूट घासून धुवा, कारण तिथले ओहिआ नावाचे झाड एका बुरशीने मरते आहे आणि ती मातीतून पसरते. प्रवाळाला अपाय करणारी उन्हाची काही मलमे २०२१ पासून तिथे विकायला बंदी आहे. आणि कोणाच्या खाचरात विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. ते त्यांच्या थोरल्या भावंडाचे घर आहे.

परत आल्यावर नातीने वहीत तिसरा रकाना आखला. त्यात आता घरातल्या वस्तूंची नावे आहेत: झारा, सांडशी, उशी, चादर. रविवारी ती फोनवर पाच शब्द विचारते. ती चुकीचे लिहिते, आम्ही चुकीचे शिकवतो, चालले आहे. तुम्हाला आपल्या वाडीतली, परसातली झाडांची नावे आठवत असतील तर संपादकांकडे पाठवा. वहीत पाने आहेत.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही क्वीन्सच्या बाजारातून अळकुड्या आणल्या. इतकी वर्षे त्या तिथेच मिळत होत्या, भाजी करून खातही होतो, पण लावायचा धीर झाला नव्हता. खिडकीशी मोठी कुंडी ठेवली. नात-नातू दोघांनी हात घालून माती भरली. जूनमध्ये पहिले पान आले. देठ हिरवा आहे, आईला लिहिला होता तसा काळा नाही.

आज पाने पाच झाली आहेत. नव्याच्या सणापर्यंत वड्यांना काही पुरायची नाहीत, पण पातळ भाजीपुरती होतील. चिंच आणून ठेवली आहे.

सर्वांना शालोम.